जुना डेक, नवी गाणी : आंजीकरांसाठी एफएम ट्रान्समीटर

वर्धा-आर्वी रस्त्यावर आजही अशा कितीतरी गाड्या धावतात, ज्यांच्या डेकला ब्लूटूथ नाही आणि पेनड्राइव्ह लावायची जागाही नाही. जुनी मारुती ८००, सुरुवातीची अल्टो, बरीच वर्षं राबलेली बोलेरो, माल वाहणारा छोटा हत्ती. इंजिन ठणठणीत, रेडिओही लागतो, पण कॅसेट किंवा सीडीचा भाग केव्हाच बंद पडलेला. मोबाइलमध्ये हजार गाणी आहेत आणि गाडीत मात्र शांतता. अशा वेळी लोक थेट डेक बदलायला निघतात. त्यात काही हजार रुपये जातात, डॅशबोर्ड उघडावा लागतो आणि मूळ वायरिंग कापलं जातं. त्याआधी साधारण तीनशे ते दीड हजार रुपयांत मिळणाऱ्या एका छोट्या वस्तूचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. ती वस्तू म्हणजे एफएम ट्रान्समीटर.

शहरातल्या मंडळींकडून या वस्तूबद्दल फारसं बरं ऐकू येत नाही. ‘नुसती खरखर होते’, ‘मध्येच दुसरंच स्टेशन घुसतं’ अशा तक्रारी असतात, आणि पुण्या-मुंबईत त्या खऱ्याही आहेत. तिथे एफएमच्या पट्टीवर एकाला लागून एक केंद्रं बसलेली आहेत. या इवल्याशा यंत्राला पाय ठेवायला जागा उरत नाही. आंजीत (मोठी) ती अडचण नाही. मोठ्या शहरांपासून दूर असल्यामुळे आपल्याकडे पट्टीचा बराचसा भाग मोकळा असतो. शहरात रडणारं हेच यंत्र आपल्या रस्त्यांवर स्वच्छ वाजतं. अट एकच, मोकळी जागा नीट हुडकून काढायची. बहुतेक लोक नेमकं तेवढंच करत नाहीत आणि यंत्राला नावं ठेवतात.

आधी हे चालतं कसं ते पाहू. ट्रान्समीटर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो आणि गाडीच्या बॅटरीवर चालतो. मोबाइलमधलं गाणं त्याच्याकडे ब्लूटूथने किंवा वायरने पोचतं. पेनड्राइव्ह अथवा मेमरी कार्ड लावलं तर मोबाइलचीही गरज नाही. हा आवाज तो रेडिओलहरींवर चढवतो आणि दोन-चार मीटरच्या परिसरात सोडतो. डेकच्या लेखी हे आणखी एक रेडिओ स्टेशन असतं. ट्रान्समीटरच्या पडद्यावर ८७.९ असेल तर डेकवरही ८७.९ लावायचं, की गाणं सुरू. म्हणूनच डेकला एफएम असणं आवश्यक आहे. फक्त मीडियम वेव्ह पकडणारा फार जुना सेट असेल तर ट्रान्समीटरचा काही उपयोग नाही. आणि तुमच्या डेकला ऑक्सचं छिद्र असेल तर ट्रान्समीटर घेऊच नका. साध्या वायरचा आवाज कोणत्याही ट्रान्समीटरपेक्षा चांगला येतो आणि वायर स्वस्तही पडते.

आता मोकळी जागा शोधण्याबद्दल. एफएमचा एक गुण असा, की एकाच जागेवर दोन सिग्नल आले तर जो जोरकस तोच ऐकू येतो आणि दुसरा दबून जातो. आपलं यंत्र अगदी कमी ताकदीचं, पण ते डेकच्या एरियलपासून हाताच्या अंतरावर असतं. त्यामुळे दूरच्या पुसट केंद्राला ते सहज दाबतं. दोघांची ताकद बरोबरीला आली की मात्र खेचाखेची सुरू होते. क्षणभर आपलं भजन, क्षणभर कुणाची तरी जाहिरात. हे टाळायचं तर आपली जागा मुळात रिकामी हवी.

त्यासाठी गाडी चालू करा आणि ट्रान्समीटर काढून ठेवा. डेकवर एफएम लावा, पण ‘स्कॅन’चं बटण दाबू नका. स्कॅन फक्त जोरात लागणाऱ्या केंद्रावर थांबतं आणि पुसट केंद्रांना ओलांडून पुढे जातं. आपल्याला तर तीच पुसट केंद्रं टाळायची असतात. हाताने एकेक पायरी, म्हणजे ०.१ने, पुढे सरका. जिथे एकसारखी, सपाट सळसळ ऐकू येईल, मागे बोलणं नाही, संगीत नाही, घरघरही नाही, तिथे थांबा. मग त्या जागेच्या दोन पायऱ्या खाली आणि दोन पायऱ्या वर जाऊन ऐका. तिथेही तशीच सळसळ असेल तर जागा पक्की समजा. शेजारच्या पायरीवर एखादं दांडगं केंद्र असेल तर त्याचा आवाज आपल्या जागेवर झिरपतो, म्हणून हे शेजारपाजार तपासणं सोडू नका. सुरुवात पट्टीच्या अगदी खालच्या टोकापासून करा. ८७.५ ते ८७.९ हा तुकडा आपल्या देशात बहुतेक ठिकाणी मोकळा असतो. आकाशवाणीची बरीचशी केंद्रं १०० ते १०४च्या दरम्यान असल्यामुळे तिकडे शक्यतो जाऊ नका.

एक नाही, दोन जागा शोधा. दोन्ही ट्रान्समीटरवर लावून बघा आणि डेकच्या पहिल्या-दुसऱ्या बटणावर साठवून ठेवा. रस्ता बदलला की पट्टी बदलते. आंजी ते आर्वी आणि पुढे कौंडण्यपूरवरून मोझरीला निघालात तर बहुधा एकाच जागेवर काम भागेल. वर्ध्याला जाताना आर्वी नाक्याच्या आसपास गाडी बाजूला घेऊन एकदा कान लावा. नागपूरची गोष्ट वेगळी. तिथे ९१.१वर रेडिओ सिटी, ९३.५वर रेड एफएम, ९४.३वर माय एफएम, ९८.३वर मिर्ची आणि १००.६वर विविध भारती आहे. आंजीत बसून ९४.३ मोकळं वाटलं म्हणून तेच धरलं, तर नागपूर जवळ येताच तुमचं गाणं नाहीसं होईल. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे निघालेल्या गाडीत भीमगीतं सुरू असतात. ऐन शहरात शिरताना आवाज तुटू नये असं वाटत असेल तर नागपुरातली जागा निघण्याआधीच ठरवलेली असावी. देवळीवरून यवतमाळकडे जाणार असाल तर १०२.७वर आकाशवाणीचं यवतमाळ केंद्र आहे, हे लक्षात असू द्या. येळाकेळीजवळून समृद्धी महामार्गावर चढलात तर वस्त्या लांब राहतात आणि एकच जागा बराच वेळ टिकते. मोठं शहर जवळ आलं की पुन्हा तपासा.

थंडीच्या दिवसांतली एक गोष्ट कापूस घेऊन भल्या पहाटे निघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. रात्रभर जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा गार राहते आणि वर उबदार हवेचा थर बसतो. या थरामुळे एफएमच्या लहरी वाकून नेहमीपेक्षा खूप लांब जातात. एरवी कधी न लागणारी दूरची केंद्रं पहाटे अचानक लागतात आणि तुमच्या हक्काच्या जागेवर कुणीतरी बोलू लागतं. यंत्र बिघडलेलं नसतं. ऊन वर आलं की ते केंद्र आपोआप विरून जातं. तोवर दुसऱ्या बटणावरची जागा वापरायची.

एवढं करूनही आवाज पुसट येत असेल तर गाडीचं एरियल कुठे आहे ते बघा. काही गाड्यांत ते समोरच्या काचेच्या कडेला असतं, काहींत छताच्या मागच्या टोकाला. मागे असेल तर लायटरपासूनचं अंतर वाढतं आणि मध्ये पत्राही येतो. अशा वेळी लायटरची जोडवायर लावून यंत्र थोडं मागे, दोन सीटच्या मधे आणलं की फरक पडतो. आणखी एक युक्ती आहे. छतावरची एरियलची काडी आटे फिरवून निघणारी असेल तर ती काढून ठेवून बघा. बाहेरची केंद्रं मंदावतात, पण ट्रान्समीटर आतच असल्यामुळे त्याचा आवाज बहुधा टिकतो. बातम्या ऐकायच्या असतील तेव्हा काडी परत लावायची.

खरखरीच्या तक्रारींमागे निम्म्या वेळा आवाजाची चुकीची पातळी असते. मोबाइलचा आवाज अगदी कमी आणि डेकचा भरपूर, असं ठेवलं की गाण्याबरोबर सळसळही मोठी होते. उलट मोबाइल पूर्ण वाढवला तर ट्रान्समीटरला तो झेपत नाही. तबला फाटल्यासारखा आणि गाणाऱ्याचा ‘स’ चिरका ऐकू येतो. मोबाइल साधारण तीन-चतुर्थांशावर ठेवा, ट्रान्समीटरला स्वतःची पातळी असेल तर तीही तशीच ठेवा, आणि पुढचं सगळं कमीजास्त डेकच्या बटणाने करा. मोबाइलमध्ये बेस वाढवणारं, आवाज ‘सुधारणारं’ काही चालू असेल तर ते बंद करा. नीट लावूनही सगळीच गाणी किंचित तीक्ष्ण वाटत असतील तर त्यामागे एक तांत्रिक कारण असू शकतं. एफएमवर पाठवताना वरचे सूर मुद्दाम वाढवले जातात आणि रेडिओ ते तेवढेच उतरवून घेतो. ही वाढ अमेरिकेत एका मापाने होते, भारतात आणि युरोपात दुसऱ्या, कमी मापाने. अमेरिकेसाठी बनलेलं यंत्र इकडे आलं की वरचे सूर पूर्ण उतरत नाहीत. डेकवरचं ट्रेबल दोन घरं खाली आणलं की काम होतं.

इंजिनाच्या तालावर वर-खाली होणारी ‘कुंईऽऽ’ हा वेगळा रोग आहे. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. ती आल्टरनेटरकडून विजेच्या वायरीतून येते. बहुतेक वेळा मोबाइल एकाच वेळी ऑक्सच्या वायरने ट्रान्समीटरला जोडलेला असतो आणि त्याच यंत्राच्या यूएसबीवर चार्जही होत असतो. त्यातून विजेला परतीच्या दोन वाटा मिळतात आणि गोंगाट गाण्यात शिरतो. खात्री करायची तर चार्जिंगची वायर काढा. ‘कुंई’ थांबली तर कारण सापडलं. मग मोबाइल ब्लूटूथने जोडा, किंवा गाणी पेनड्राइव्हवर टाका. वायर काढूनही ‘कुंई’ थांबली नाही तर ट्रान्समीटरचाच वीजपुरवठा हलका असतो. तो बदलून घ्यावा.

माझा कौल पेनड्राइव्हला आहे. आर्वीच्या पुढे, शेतशिवारात मोबाइलचं नेट सगळीकडे सारखं नसतं. नेटवर वाजणारं गाणं नेमकं रंगात आलेलं असताना अडकतं. पेनड्राइव्हला नेट लागत नाही, मोबाइलची बॅटरी खर्च होत नाही, फोन आला म्हणून गाणं थांबत नाही. बहुतेक यंत्रं ३२ जीबीपर्यंतचा पेनड्राइव्ह वाचतात, तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. दुकानातून आणलेला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह अनेकदा वाचलाच जात नाही, तेव्हा लहानच घ्या. गाणी १२८ ते १९२ केबीपीएस एमपीथ्रीमध्ये ठेवली तरी पुरतं. एफएमवरून मुळात १५ हजार हर्ट्झपर्यंतचेच सूर जातात. त्याहून भारी फाइल इथे नुसती जागा अडवते. १२८च्या हिशेबाने मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. म्हणजे दीड तासाचं कीर्तन नव्वद एमबीत मावतं आणि १६ जीबीत पाच-पाच मिनिटांची तीन हजारांच्या आसपास गाणी बसतात.

फाइलींची नावं ०१, ०२, ०३ अशा क्रमाने सुरू करा, नाहीतर अध्याय मागेपुढे वाजतात. छोट्या पडद्यावर देवनागरी नावं बऱ्याचदा चौकोन-चौकोन दिसतात. नावं इंग्रजी अक्षरांत दिली तर वाचता येतात. राष्ट्रसंतांची खंजिरी भजनं एका फोल्डरमध्ये, नाट्यगीतं दुसऱ्यात, पोरांची गाणी तिसऱ्यात, अशी मांडणी आधीच केली की गाडीत शोधाशोध करावी लागत नाही. कुणाच्या घरी जुन्या भजनी मंडळाच्या कॅसेट पडून असतील तर त्या आधी एमपीथ्रीत उतरवून घ्या. कॅसेटची फीत दरवर्षी थोडी खराब होत जाते आणि त्यातले काही आवाज आता दुसरीकडे कुठेच नाहीत.

ट्रान्समीटरचा एक फायदा गाण्यापलीकडचा आहे. बऱ्याच यंत्रांच्या पडद्यावर सुरुवातीला बॅटरीचे व्होल्ट दिसतात. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.५च्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.४ यांच्या मधे यायला हवा. चालू इंजिनवरही तो १३च्या खाली राहत असेल तर आल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा दाखवून घ्या. सकाळी गाडी चालू करण्याआधीच तो १२च्या खाली जात असेल तर बॅटरीचे दिवस भरत आले आहेत. हा आकडा अगदी काटेकोर नसतो, पण गाडी रस्त्यात उभी राहण्याआधी इशारा द्यायला पुरेसा असतो. उलट एक खबरदारी घ्यावी लागते. काही जुन्या गाड्यांत चावी काढल्यावरही लायटरचं सॉकेट चालू राहतं. गाडी दोन-चार दिवस अंगणात उभी राहणार असेल तर यंत्र उपसून ठेवा. ट्रकमध्ये लावायचं असेल तर आधी बॅटरी पाहा. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते आणि १२-२४ दोन्ही लिहिलेलं यंत्रच तिथे चालतं. सॉकेटचा फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. वायरीचा तुकडा अडकवून काम भागवू नका, त्यातून गाड्या पेटतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गाणं बदलणं, स्टेशन बदलणं, मोबाइल जोडणं हे सगळं गाडी उभी असताना करायचं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये चालवताना हातात मोबाइल धरण्याचा स्पष्ट उल्लेख आला आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला एक हजार ते पाच हजारांपर्यंत दंडाची, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपला रस्ता बघा. कापसाच्या दिवसांत बिनदिव्याच्या बैलगाड्या आणि मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारातून एकदम समोर येतात. दीडच्या जागी अडीच सेकंद नजर पडद्यावर राहिली तर ताशी साठच्या वेगाने गाडी तेवढ्यात सोळा-सतरा मीटर जास्त पुढे गेलेली असते. ट्रान्समीटरमधून फोनवर बोलता येतं, पण त्याचा माइक खाली लायटरपाशी असतो. समोरच्याला नीट ऐकू जात नाही, आपण ओरडून बोलतो आणि लक्ष रस्त्यावरून उडतं. फोन घ्यायचाच तर गाडी कडेला घ्या. आवाजही एवढाच ठेवा, की मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न काच बंद असताना ऐकू येईल.

काही हौशी पोरं ट्रान्समीटर उघडून त्याला लांब वायर जोडतात, म्हणजे आवाज अख्ख्या गल्लीत पोचावा. हे करू नका. परवान्याशिवाय रेडिओ प्रक्षेपण करणं आपल्या देशात गुन्हा आहे. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूरला राघव महतो नावाच्या तरुणाने दुरुस्तीच्या दुकानातून स्वतः बनवलेल्या यंत्रावर गावासाठी एफएम केंद्र चालवलं होतं. लोकांना ते फार आवडायचं, तरी परवाना नसल्यामुळे २००६मध्ये ते बंद करावं लागलं. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने सामुदायिक रेडिओचं धोरण बदललं आणि शिक्षणसंस्थांशिवाय इतर नोंदणीकृत संस्थांनाही परवाना मिळण्याची वाट मोकळी झाली. साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी याच वाटेने ९०.४वर ऐकू येते. आंजीचा स्वतःचा आवाज हवेत जावा असं कुणाला वाटत असेल तर ती वाट धरावी. गाडीतलं यंत्र गाडीपुरतंच ठेवावं.

खरेदीला वर्ध्याला जाल तेव्हा गाडी घेऊनच जा आणि पेनड्राइव्ह सोबत ठेवा. ८७.५पासून १०८पर्यंतची सगळी पट्टी ०.१च्या पायरीने लावता येईल असंच यंत्र बघा. चार-पाच ठरावीक जागांचं जुनं मॉडेल कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. सॉकेटमध्ये ते घट्ट बसतं का, खड्ड्यात हलून बंद पडेल इतकं सैल आहे का, ते हाताने हलवून पाहा. इंजिन चालू करा, ॲक्सिलरेटर दाबा, ‘कुंई’ येते का ऐका. चावी बंद करून पुन्हा चालू केल्यावर लावलेली जागा त्याच्या लक्षात राहते का, तेही तपासा. बिल घ्या, त्यावर बदलून देण्याची मुदत लिहून घ्या. दुकानदार तुमच्या गाडीत लावून दाखवायला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा.